मागच्या काचेपलीकडची माणसं

पिकअपच्या केबिनला मागच्या बाजूनेही एक काच असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती रबरात पक्की बसवलेली असते आणि मालाचा धक्का लागू नये म्हणून तिच्यावर लोखंडी जाळी लावलेली असते. काही गाड्यांत तिचा मधला भाग हाताने बाजूला सरकतो. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी असते, त्यामुळे तिथे अनेक गाड्यांत हा सरकता भाग मोटरवर चालतो. टोयोटाच्या टुंड्रामध्ये तर बटण दाबलं की मागची सगळी काच खाली उतरते. आपल्याकडे दारांच्या काचांना पॉवर विंडोचं किट बसवून देणारे कारागीर आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तशीच मोटर मागच्या सरकत्या काचेला जोडून घ्यावी, असं एखाद्या हौशी मालकाच्या मनात आलं तर त्यात नवल नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मात्र ही गोष्ट हौसेपुरती उरत नाही. इथे त्या काचेमागे, हौद्यात, माल असतो तशी माणसंही असतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत भल्या पहाटे गावच्या चौकात उभी राहणारी पिकअप, मिरची तोडायला तेलंगणात निघालेली पिकअप, तेंदूच्या हंगामात मजुरांना घेऊन जंगलाकडे वळणारी पिकअप या भागात सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. म्हणून मोटरचा विचार करताना त्या काचेपलीकडे कोण बसलंय, हेही पाहावं लागतं.

आधी कामाचं बोलू. सरकत्या काचेला मोटर लावण्याचं तंत्र साधं आहे. बाजूच्या दोन काचा पक्क्या आणि मधली पट्टीतून सरकणारी. सीटच्या मागे बारा व्होल्टची छोटी मोटर बसते. ती एका चकरीवर केबल गुंडाळते आणि केबल काचेला ओढते. बटण उलट्या बाजूला दाबलं की मोटरकडे जाणारे प्लस-मायनस अदलाबदल होतात आणि काच परत फिरते. फायदाही खरा आहे. हाताची काच उघडायला चालकाला मान वळवून हात मागे न्यावा लागतो, आणि धावत्या गाडीत रस्त्यावरून नजर हटणं महागात पडतं. डॅशबोर्डवर बटण असलं की हे टळतं.

अडचण धुळीची आहे. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर हा कोळशाचा पट्टा. तिकडे एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून निघणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा केली, ते त्या रस्त्यावरच्या गावांना विचारावं. धावत्या पिकअपच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तिथेच ओढली जाते. म्हणजे मागची काच नेमकी धुळीच्या भोवऱ्यात असते. बारीक धूळ पट्टीतल्या फेल्टमध्ये बसली की काच जड होते. हाताला ते लगेच कळतं, फडकं फिरवलं की काम भागतं. मोटरला ते कळत नाही. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. वायर बारीक असेल आणि फ्यूज न टाकता सरळ दुसऱ्या एखाद्या वायरला जोड मारलेला असेल, तर सीटमागच्या फोमशेजारी वायर तापायला लागते. भर उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेल्या चंद्रपुरात, असा जोड म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

दुसरी गोष्ट काचेची. पक्की काच कापून तिच्यात सरकता भाग करता येत नाही. गाडीच्या मागच्या काचा साधारणपणे टफन्ड असतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते, म्हणून तिच्या पृष्ठभागावर कायमचा दाब आणि आत ताण राहतो. तिला कटर लावला की ती सगळीच बारीक तुकड्यांत फुटते. तेव्हा माप देऊन नव्या काचा कापून घ्याव्या लागतात आणि मग त्या टफन्ड करून घ्याव्या लागतात. हा खर्च वाचवायला कोणी खिडकीची साधी काच बसवली, तर अपघातात तिचे सुऱ्यांसारखे तुकडे चालकाच्या मानेवर येतात आणि हौद्यातल्या माणसाच्या तोंडावरही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम गाडीला सुरक्षा काचच हवी असं सांगतो. मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार व्हावा, अशीही अट त्यात आहे. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी आणली. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं याच न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केलं. गडचिरोलीच्या एमएच-३३ किंवा चंद्रपूरच्या एमएच-३४ पाटीच्या मालकाने मागच्या भिंतीला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. त्यात नुकसान काही नाही.

बटण कसं असावं, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत लहान मुलांचे गुडघे किंवा कोपर चुकून बटणावर पडून काच वर आली आणि त्यात मान अडकून मुलं दगावली. त्यानंतर तिथल्या नियमांनी काच बंद करण्यासाठी बटण वर ओढावंच लागेल अशी रचना सक्तीची केली. आपल्याकडे सुट्या किटबरोबर मिळणारं बटण अनेकदा दाबण्याचं असतं. मागच्या काचेतून हात बाहेर काढून पाण्याची बाटली घेणारी मुलगी आणि पुढे बटणावर टेकलेला कोणाचा तरी कोपर, एवढं अनर्थाला पुरेसं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट निराळीच आहे. हे बटण केबिनमध्ये असतं, म्हणजे ते चालकाच्या हातात असतं. आणि गरज असते ती हौद्यातल्या माणसाला. एसटीत कंडक्टरची घंटा मागे असते. एक घंटी झाली की थांबा, दोन झाल्या की चला. मागे काय चाललंय ते ज्याला दिसतं त्याच्या हातात दोरी, ही साधी अक्कल त्यात आहे. पिकअपच्या हौद्यात अशी दोरी नसते. तिथे फक्त केबिनच्या टपावर थापा मारता येतात. कोणाला चक्कर आली, कोणाचं पोर रडून बेजार झालं, कोणाच्या हातातला डबा रस्त्यावर पडला तरी पत्र्यावर थाप. गाणी मोठ्याने चालू असतील, काचा वर असतील, तर ती थाप पुढे पोचेलच याचा नेम नाही. मोटरवर सरकणारी काच या माणसांच्या काहीच कामाची नाही, कारण ती उघडायची की नाही हे चालक ठरवतो. हौद्याच्या कडेला बसवलेलं एक बझरचं बटण आणि केबिनमधला एक दिवा यांचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक आहे, आणि खर्चही फार नाही.

सरकत्या काचेची सोय ज्यांना खरोखर हवी त्यात वन विभाग पहिला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या भागात वाघ आणि माणूस शेजारी राहतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात पकडलेल्या सीटी-१ वाघाने त्याआधी गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत तेरा जणांचा जीव घेतला होता. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी धावून जाणाऱ्या पथकाच्या गाडीत मागे उभा असलेला माणूस आणि चालक यांच्यात क्षणात बोलणं व्हायला हवं. गाडी इथेच थांबव, इंजिन बंद कर, मागे घे हे शब्द टपावरच्या थापेने सांगता येत नाहीत. या गाड्यांना सरकती काच जरूर असावी. पण ती हाताने सरकणारी, दोन्ही बाजूंनी उघडणारी, बॅटरी बसली तरी चालणारी आणि आवाज न करणारी असावी. शासन गाड्या खरेदी करताना निविदेतच ही अट घालू शकतं. मग पुढे रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये काच फोडण्याची वेळ येणार नाही.

मजुरांचं मात्र तसं नाही. त्यांच्यासाठी काच सरकती केली, मोटर लावली किंवा बझर बसवला, तरी हौदा हा हौदाच राहतो. तिथे सीट नाही, पट्टा नाही, डोक्यावर छप्पर नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, कबीरधाम जिल्ह्यात, २० मे २०२४ रोजी तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत उलटली आणि १९ जण गेले. त्यात बहुतेक महिला होत्या. ११ ऑगस्ट २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात कोसळली आणि किमान दहा जणी दगावल्या. गडचिरोलीत तर गाडीही मिळाली नाही तेव्हा नावेचा आधार घ्यावा लागला. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या महिला मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून चंद्रपूरच्या काठाकडे जात होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. दरी, घाट, नदी वेगवेगळ्या, पण मेलेली माणसं एकाच प्रकारची. रोजी मिळवायला किंवा देवाला निघालेल्या, आणि जे वाहन मिळेल त्यात बसण्यावाचून इलाज नसलेल्या बाया.

अपघातानंतरचं दुःख वेगळं असतं. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडं देऊन नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये दिला. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला जागा मिळाली, गाडीवरच्या हमालालाही संरक्षण आहे. रोवणीला निघालेल्या बाईला ते नाही. तिच्या घरच्यांनी भरपाई मागायची ती गाडीमालकाकडून, आणि तो मालक बहुधा हप्त्यावर घेतलेल्या एकुलत्या एका पिकअपवर पोट भरणारा त्याच गावचा माणूस असतो. त्याच्याकडून काय वसूल होणार? म्हणजे एका अपघातात दोन घरं बसतात.

मग पोलिसांनी नाक्यावर गाड्या अडवाव्यात का? अडवाव्यात. पण नुसतं अडवून पहाटे चारला निघणारी बाई थांबत नाही, कारण त्या वेळी तिच्या गावात दुसरं काही येत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण अर्ध्या तिकिटाचा फायदा मिळायला आधी बस असावी लागते, तीही कामाच्या वेळेला आणि शिवाराच्या जवळ. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी भागात पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी, स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी. तोवर तिथल्या माणसाला पायी, सायकलने किंवा मिळेल त्या वाहनानेच जावं लागत होतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो.

उपाय मात्र हाताशी आहेत. एसटी महामंडळ लग्नाच्या वऱ्हाडाला आणि सहलींना प्रासंगिक करारावर बस देतं. तीच सोय रोवणी, मिरची आणि तेंदूच्या हंगामात मजुरांच्या टोळ्यांसाठी सवलतीच्या दरात द्यावी, आणि त्यातला वाटा मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने किंवा शेतमालकाने उचलावा. गावात मिनीबस किंवा आसनी जीप घेणाऱ्या तरुणाला कर्ज आणि परवाना सोपा करावा, म्हणजे पिकअपवाल्याचीच गाडी बदलेल आणि धंदाही राहील. आणि ग्रामसभांनी यात पुढाकार घ्यावा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे, २००९ साली त्याला तो हक्क मिळाला. आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. ठेकेदाराशी करार करताना भाव, मोजमाप आणि पैसे देण्याची मुदत त्या लिहून घेतात. त्यातच एक ओळ वाढवता येईल: फळीपर्यंत (तेंदूच्या संकलन केंद्रापर्यंत) आणि फळीवरून मजुरांची ने-आण प्रवासी परवान्याच्या गाडीतून होईल, आणि त्याचा खर्च ठेकेदार करेल. हे लिहून घ्यायला नवा कायदा लागत नाही, मुंबई-नागपूरची परवानगीही लागत नाही. तेंदूचे करार हंगाम सुरू व्हायच्या आधी होतात. येत्या हंगामाच्या करारावर सही करण्याआधी ही ओळ त्यात आहे की नाही, एवढं प्रत्येक ग्रामसभेने बघावं.