आठ फेकींचा हिशेब

केंटकी विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळताना २०१४-१५ च्या अख्ख्या मोसमात सात फुटी कार्ल-अँथनी टाउन्सने तीन गुणांसाठी फक्त आठ फेकी केल्या. दोन पडल्या. पंचवीस टक्के! एवढ्यावरून ‘याला बाहेरून जमणार नाही’ असा शेरा मारायचा, तर मग आठ चेंडू बघून फलंदाजही निकालात काढावेत.

त्याच मोसमात त्याचे फ्री थ्रो मात्र ८१ टक्के पडत होते. फ्री थ्रोला अंगावर कोणी नसतं, अंतर ठरलेलं असतं, घाई नसते. दिसतं ते निव्वळ मनगट. आपल्या सतनाम सिंगमुळे एनबीएच्या २०१५ च्या ज्या ड्राफ्टची, म्हणजे खेळाडूनिवडीची, इथे चर्चा झाली, त्यात टाउन्स पहिला गेला आणि ड्यूक विद्यापीठाचा जाहलील ओकाफर तिसरा. रिंगखाली ओकाफरचे पाय नाचऱ्यासारखे चालत. फ्री थ्रो जेमतेम ५१ टक्के. टाउन्सने २०२२ ला ऑल-स्टारची थ्री पॉइंट स्पर्धा जिंकली. ओकाफरचा लांबचा नेम शेवटपर्यंत बसला नाही.

अर्थात फ्री थ्रो म्हणजे काही जन्मपत्रिका नव्हे. अँथनी डेव्हिसचे फ्री थ्रो एनबीएत ऐंशीच्या घरात आणि थ्री पॉइंटर तिशीच्या आसपास घुटमळणारे. पंधरा फुटांवरचा हात पावणेचोवीस फुटांवर तसाच राहील, याची हमी कोण देणार?

पण माझी खरी तक्रार पारख करणाऱ्यांबद्दल आहे. ब्रुक लोपेझ घ्या. एनबीएतल्या पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याने ३१ थ्री पॉइंटर मारले, त्यातले तीन पडले. फ्री थ्रो पहिल्यापासून दहापैकी आठ! हा पुरावा आठ वर्षं सर्वांच्या डोळ्यांदेखत होता. नवव्या मोसमात, २०१६-१७ ला, त्याच्या ब्रुकलिन संघाला नवा प्रशिक्षक आला आणि याच लोपेझने ३८७ मारले, १३४ पाडले. अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला नवं मनगट फुटत नाही. त्याला तिथून मारायला कोणी सांगितलंच नव्हतं, एवढंच. ‘पोराला जमेल का’ असं विचारणाऱ्यांनी ‘आपण त्याला शे-दोनशे चुका करू देऊ का’ हेही स्वतःला विचारायला हवं होतं.

आपल्या शाळांच्या मैदानांवरही हेच. मागच्या उन्हाळ्यात एका शिबिरात सराव संपल्यावर नववीतला एक ताडमाड पोरगा एकटाच फ्री थ्रोच्या रेषेवर उभा होता. कोपर चेंडूच्या बरोबर खाली, डावा हात नुसता आधाराला. दहातले सात पडले. हुकलेले तिन्ही रिंगच्या पुढच्या कडेला आपटले. एकही डावी-उजवीकडे गेला नाही. चेंडू आखूड पडतो तो पाय दमले म्हणून, आणि पायांत ताकद आणता येते. बाजूला जाणारा चेंडू हाताची खोड सांगतो. ती सोडवताना वर्षं जातात. मी हे सरांना सांगायला वळलो, तेवढ्यात सरांचीच हाक आली, ‘अरे, तू कशाला तिथे? रिंगखाली ये, रिबाउंड घे. बाकीच्यांना मारू दे.’

पोरगा मुकाट्याने रिंगखाली गेला.