एकवीसच्या पुढचे एकवीस

ऑगस्ट २०२४ मध्ये एक फोटो तुमच्यापैकी बहुतेकींच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. पॅरिस ऑलिम्पिकचा समारोप, डोक्यावर हिजाब, गळ्यात सुवर्णपदक आणि चेहऱ्यावर मनमोकळे हसू. ती सिफान हसन. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर तो फोटो एका दिवसात सात जणांनी टाकला. ती किती धावली, कशी धावली, हे मात्र सातांपैकी एकानेही लिहिले नव्हते. फोटोखाली 'माशाअल्लाह' लिहायला वेळ लागत नाही. माझ्या भाचीने तो छापून घेतला आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला.

ही भाची मिरजेला शिकते. कॉलेजकडून पाच हजार आणि दहा हजार मीटर धावते, विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत गेली आहे. गेल्या डिसेंबरात ती पहिली हाफ मॅरेथॉन धावली. एक तास छत्तीस मिनिटे, मुलींमध्ये तिसरी. त्याच संध्याकाळी फोन आला. "खाला, अर्धी झाली. आता ईद झाली की लगेच पूर्ण. छत्तीसची दुप्पट केली तर तीन तास बारा मिनिटं होतात. आणि सिफानने नाही का ईदनंतर दोनच दिवसांनी लंडन जिंकलं?"

तिची अम्मी, म्हणजे माझी आपा, हे ऐकून हबकली. दुल्हेभाईंनी नेहमीप्रमाणे निर्णय दुसऱ्यावर ढकलला. यावेळी तो माझ्यावर आला, कारण मी तीस वर्षे शाळेत पी.टी. शिकवली. फोनवर माझे उत्तर धड जमले नाही, म्हणून या महिन्याचे पान तिच्यासाठी. पण घरात पळणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर तुम्हीही वाचा.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि हाफ मॅरेथॉन त्याच्या नेमकी निम्मी, २१.०९७५. हा कागदावरचा हिशेब. पायांना तो मान्य नसतो, आणि याचा पुरावा बेटी, तुझ्या भिंतीवरच लटकलेला आहे.

सिफानचा जन्म इथिओपियातल्या अदामाचा. २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. तिथे नर्सिंगचे शिक्षण घेता घेता धावू लागली. २०१३ मध्ये त्या देशाचे नागरिकत्व मिळाले. तिची खरी ओळख १५०० मीटरची. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत कांस्यपदक घेतले. म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तिने बर्लिनला पाच हजार मीटरचे युरोपीय विजेतेपद मिळवले आणि पाच आठवड्यांनी, १६ सप्टेंबरला, कोपनहेगनमध्ये ती हाफ मॅरेथॉन धावली. वेळ १ तास ५ मिनिटे १५ सेकंद. युरोपचा विक्रम. आधीचा विक्रम तिच्याच देशाच्या लॉर्ना किप्लागाटचा होता, २००७ मधला, १ तास ६ मिनिटे २५ सेकंदांचा. सत्तर सेकंदांनी तो मागे पडला. योगायोग असा की त्याच दिवशी एल्युड किपचोगेने बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ३९ सेकंदांत पुरुषांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, त्यामुळे जगाचे डोळे तिकडेच होते.

आता सांग, अशी धाव झाल्यावर पुढच्या वसंतात पूर्ण मॅरेथॉन धावावी असे कोणालाही वाटले नसते का? ती मात्र ट्रॅकवर परतली. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत १५०० आणि १०,००० मीटर दोन्ही जिंकले. २०२० मध्ये ब्रसेल्सला एका तासात १८,९३० मीटर धावून विश्वविक्रम केला. टोकियोत पाच आणि दहा हजारांची सुवर्णपदके, १५०० चे कांस्य. त्यातही १५०० च्या प्राथमिक फेरीत शेवटच्या फेरीला पडली, उठली आणि शर्यत जिंकली. त्या हाफ मॅरेथॉनपासून पूर्णपर्यंत पोचायला तिने साडेचार वर्षे घेतली. फोटोत ही साडेचार वर्षे दिसत नाहीत.

मग २३ एप्रिल २०२३, लंडन. ही शर्यत तुला पाठ आहे असे तू म्हणतेस, तर नीट आठव. शर्यतीआधी कंबरेचा सांधा दुखत होता. अर्ध्याच्या आसपास दुखणे इतके वाढले की ती चक्क रस्त्याकडेला थांबली, पाय ताणला, पुन्हा धावली, पुन्हा थांबली. पुढचा घोळका डोळ्यांसमोरून निघून गेला. तयारीचे शेवटचे आठवडे रमजानचे असल्यामुळे धावता धावता पाणी पिण्याचा सराव झालेला नव्हता, हे तिनेच नंतर सांगितले. शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या टेबलाकडे वळताना मागून येणारी मोटरसायकल तिला थोडक्यात चुकली. तरीही तिने एकेकीला गाठले आणि अखेरच्या धावेत अलेमू मेगेर्तूला चार सेकंदांनी मागे टाकून जिंकली. २ तास १८ मिनिटे ३३ सेकंद.

मी ही शर्यत निकाल माहीत असताना पाहिली, तरी माझ्या तळहातांना घाम फुटला होता.

आता तुझीच दुप्पट करू. कोपनहेगनच्या वेळेची दुप्पट २ तास १० मिनिटे ३० सेकंद होते. लंडनला तिला त्याहून आठ मिनिटे जास्त लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोला ती २ तास १३ मिनिटे ४४ सेकंदांत धावली, तीही दुप्पटीहून तीन मिनिटे जास्तच. मो फराहचे पाहा. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला पहिली हाफ मॅरेथॉन, १ तास २३ सेकंद, पहिला क्रमांक. २०१३ मध्ये तो लंडन मॅरेथॉनला उतरला आणि ठरल्याप्रमाणे अर्ध्यावर थांबला, फक्त वाट आणि पाण्याच्या बाटल्यांची सवय व्हावी म्हणून. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके आधीच गळ्यात असलेला माणूस बाटली उचलायला शिकत होता! २०१४ मध्ये पूर्ण धावला तेव्हा आठवा आला, २ तास ८ मिनिटे २१ सेकंद. दुप्पटीहून साडेसात मिनिटे जास्त. जिंकायला त्याला २०१८ चे शिकागो उजाडावे लागले.

याचे कारण साधे आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरात धावताना साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. मग शरीराला चरबीवर भागवावे लागते, आणि चरबीतून शक्ती सावकाश मिळते. पाय शिशाचे होतात. पळणारे याला 'भिंत' म्हणतात. हाफ मॅरेथॉनमध्ये ही भिंत दिसतसुद्धा नाही. तिथे तू दमतेस, पण रिकामी होत नाहीस. एकवीसच्या पुढचे एकवीस ही वेगळीच शर्यत आहे. त्यासाठी महिनोन् महिने लांब पळावे लागते आणि पळतानाच खाणे-पिणे पोटाला शिकवावे लागते. तू आजवर एका वेळी एकवीसच्या वर एकदाही पळालेली नाहीस. रोजे ठेवून सराव करावा की नाही, हा मसला आलिमांना विचारावा. मी एवढेच सांगेन की सहरी ते इफ्तार पाण्याशिवाय राहून पहिल्या मॅरेथॉनची तयारी होत नाही. सिफानच्या अंगात त्याआधी दहा वर्षांचे मैल होते, तरी पाणी हीच तिची अडचण झाली.

हे सगळे मी तिला फोनवर तुटक तुटक सांगितले होते. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "खाला, तुम्हालाही असंच काहीतरी सांगून थांबवलं होतं ना?"

खरे आहे. शाळेत मी आठशे मीटर धावायचे. पुढचे अंतर मागितले तेव्हा सरांनी सांगितले, मुलींनी आठशेच्या वर पळू नये, शरीराला झेपत नाही. सर दुष्ट नव्हते, जगच तसे होते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या आणि त्यानंतर १९६० पर्यंत ती शर्यत बायकांसाठी बंद होती. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइटने ती जिंकली तेव्हा मी बारावीला होते आणि माझे बूट माझ्या धाकट्या भावाच्या पायात गेले होते.

म्हणून 'नको' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पण 'अजून नको' म्हणायचा हक्क मी सोडणार नाही. सरांकडे माझ्यासाठी पुढचे साल नव्हते, मी तुझ्याकडे पुढचे साल मागते आहे. ही ईद जाऊ दे. मग पावसाळाभर लांब पळ, आणखी एक हाफ मॅरेथॉन कर, पुढच्या जानेवारीत मुंबईला पूर्ण धाव. आणि तीन तास बारा विसर; साडेतीनच्या आत आलीस तर बिर्याणी माझ्याकडून.

आपा, तुलाही दोन शब्द. तुझी काळजी गुडघ्यांची नाही, हे मला माहीत आहे. पहाटेचा अंधार, मोकळे रस्ते आणि शेजारणींचे प्रश्न, ही ती काळजी. अंधाराचे काहीतरी करता येईल. शेजारणींचे तू बघ.

भाची चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला, एकच ओळ: "बाटली कशी धरायची?"

गेल्या रविवारी फजरनंतर मी स्कूटर काढली. मिरज-सांगली रस्त्याच्या कडेने ती पळत होती, मी हळूहळू बाजूने, हातात बाटली. पहिल्यांदा बाटली हातातून निसटून गटारात गेली. दुसऱ्यांदा पाणी नाकात गेले आणि ती खोकत थांबली. तिसऱ्यांदा अर्धे पाणी ओढणीवर सांडले, पण दोन घोट पोटात गेले आणि पाय थांबले नाहीत. मागून दुल्हेभाई मोटरसायकलवर आणखी चार बाटल्या घेऊन येत होते.