रोजची टोचणी आणि मनाचा तोल

घरातला विशीतला मुलगा एकाएकी खोलीत कोंडून घेतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे म्हणू लागतो, कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. यावर आमच्या वस्त्यांमध्ये दोनच निदाने तयार असतात. एक तर ‘बाहेरचे काही लागले’, नाही तर ‘त्याच्या आईच्या माहेरी वेडच आहे’. पहिल्या निदानावर भगताचे पोट भरते, दुसऱ्यापायी सुनेला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही गंडेदोरे निघतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वैद्यकशास्त्र या अवस्थेला सायकोसिस म्हणते. स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक गंभीर आजार. माणूस रोज ज्या वातावरणात जगतो त्याचा या आजाराशी काय संबंध, हा प्रश्न मात्र आमच्याकडे कोणी विचारीत नाही.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथे इनेझ मायिन-जर्मेस, जिम व्हान ऑस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आजारातून सावरलेले ४२ रुग्ण, रुग्णांचे ४७ सख्खे नातेवाईक आणि ४९ सर्वसामान्य माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ बांधले. सहा दिवस, दिवसातून दहा वेळा ते वाजायचे आणि वाजले की वहीत लिहायचे : आत्ता काय करतो आहेस, सोबत कोण आहे, त्रास होतो आहे का, मन कसे आहे. मोठी संकटे नव्हेत, रोजच्या किरकोळ कटकटी मोजल्या. तेवढ्याच ताणाने रुग्णांचे मन सर्वांत जास्त ढासळत होते, सर्वसामान्यांचे सर्वांत कमी. आणि ज्यांना आजार झालेला नव्हता ते नातेवाईक बरोबर मधोमध होते. म्हणजे घराण्यातून काही येत असेल तर ते वेड नव्हे. ताण लवकर लागण्याची प्रवृत्ती येते. पुढच्या अभ्यासांत बालपणी मार आणि छळ सोसलेल्यांमध्येही हीच प्रवृत्ती वाढलेली आढळली. आईच्या माहेराला दोष देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता सवाल असा की, हा रोजचा ताण कोणाच्या वाट्याला जास्त येतो? लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल या तीन शहरांतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत कॅरिबियन वंशाच्या काळ्या लोकांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे ९ पट आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे ६ पट निघाले. काहींनी लगेच म्हटले, त्यांच्या रक्तातच असेल. पण जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस या त्यांच्या मूळ बेटांवर हे प्रमाण असे चढलेले नाही. मग म्हटले गेले, गोरे डॉक्टर चुकीचे निदान करीत असतील. या अभ्यासात रुग्णाचा वंश झाकून निदान ठरवले होते, तरीही फरक राहिला. हेग शहरात २००७ साली असे दिसले की, ज्या स्थलांतरित गटांना भेदभाव जास्त सोसावा लागतो त्यांच्यात हा आजारही जास्त. आणि दक्षिण लंडनमध्ये जिथे आपली माणसे आजूबाजूला कमी, तिथे अल्पसंख्याकांना धोका अधिक. वस्ती सोडून कॉलनीत एकट्याने राहायला गेलेल्या आमच्या नोकरदार बांधवांनी याचा विचार करावा.

तिकडचे आकडे उचलून जातीला चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही. पण प्रश्न तर विचारता येतो! १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून सराईत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. भाड्याचे घर शोधताना आडनाव गिळणारा, आपल्यामागे कोण काय बोलते याचा सतत कानोसा घेणारा आजचा तरुण त्याच दडपणाखाली दिवस काढतो. अशांचे खटले आमच्या टेबलावर येतात आणि आम्हाला त्यांना विचारावे लागते : तारीख कोणती, साक्षीदार कोण? ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) ला अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला लागतो. तुझा डबा कोणी घेतला नाही, तू आल्यावर गप्पा थांबल्या, याचा पंचनामा कसा करणार? कायदा एक प्रसंग मोजतो, मन रोजचा हिशेब ठेवते.

एक गोष्ट मात्र खडसावून सांगतो. ताण सोसणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार होत नाही, आणि ताण हे त्याचे एकमेव कारणही नव्हे. गांजाचे व्यसन धोका वाढवते. आमच्या पोरांना गांजा पुरवणारे कोण हे पोलिसांना चांगले ठाऊक आहे. ‘समाजाने वेडे केले’ असे म्हणून कोणी गोळ्या फेकून देऊ लागला तर तोही भगताचाच भाऊ समजावा. उपचाराला जितका उशीर, तितके बरे होणे कठीण.

आणि उशीर तर सरकारच करते. निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सायकोसिसचे सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण उपचाराविना आढळले. पाहणीच्या १२ राज्यांत आमचा पुरोगामी महाराष्ट्र नव्हताच! राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. गडचिरोलीच्या आदिवासी बापाने मुलाला घेऊन नागपूर गाठायचे, तेही रोजंदारी बुडवून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने जात, धर्म, वर्ग यांचा भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला उपचार मोफत आहेत, आणि अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदैव विनामूल्य ठेवण्याची जबाबदारी शासनाची आहे. गोळ्या संपल्या असे सांगितले तर ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर अर्ज करून त्याची पोच घ्या आणि कलम ७७ खाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा. वकील नसला तरी अर्ज करता येतो. तोवर सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा.