पिल्लांच्या पुटकुळ्या आणि आईचे दूध

निवृत्तीनंतर एका स्नेह्यांच्या धान्याच्या अडतीवर दुपारी तासभर बसण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गोदामामागे, गोणपाटांच्या थप्पीआड, एका भटक्या कुत्रीने पाच पिल्लांना जन्म दिला. शेठजींनी हमालांना बजावले, "ती थप्पी कोणी हलवायची नाही." घरून रोज वाटीभर दूध येऊ लागले. दुकानातील लहानथोरांना त्या पिल्लांचा लळा लागला.

दहाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांच्या पोटावर आणि मांड्यांच्या बेचक्यात बारीक, पिवळसर पुटकुळ्या दिसू लागल्या. एका हमालाने गाडीचे जळके ऑइल आणले. ते आम्ही लावू दिले नाही. मी मात्र मोठ्या अधिकाराने हळद आणि खोबरेल सुचविले. पिल्ले रात्रंदिवस कुरकुरत होती. थंडीमुळे असेल, असे आम्ही समजलो. पुढील दोन दिवसांत दोन पिल्ले गेली.

तेव्हा कुठे पशुवैद्यांना बोलाविले. त्यांनी पिल्लांना हात लावण्यापूर्वी आईला हळुवार कुशीवर वळविले. मागचा एक स्तन दगडासारखा कठीण, गरम आणि जांभळट झाला होता. किंचित दाबताच रक्तमिश्रित पू आला. डॉक्टर म्हणाले, "साहेब, सारे पिल्लांकडे पाहात होते, आईकडे कोणीच पाहिले नाही."

बँकेत उभी हयात मी लोकांचे ताळेबंद तपासले. येथे मात्र खात्याची एकच बाजू पाहिली, याची खंत आजही आहे.

वाचकहो, या दोन्ही आजारांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे ओले, मळके अंथरूण. पिल्लांच्या पोटाची त्वचा कोवळी आणि विरळ केसांची असते. तेथे ओल साचली की त्वचेवर एरवीही वसणारे जिवाणू पुटकुळ्या उठवितात. जंत आणि कुपोषण त्यात भर घालतात. आजार वरवरचा असेल, तर कोरडे अंथरूण आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या सौम्य द्रावणाने पुसणे एवढ्यानेही तो पुष्कळदा बरा होतो. पुटकुळ्या पिळू नयेत. जे लावाल ते चाटले जाते, म्हणून घरगुती लेप टाळावेत. ओठ आणि पापण्या सुजून जबड्याखाली गाठी आल्या, तर तो वेगळा आणि गंभीर आजार समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आईचा स्तनदाह याहून घातक. पिल्लांच्या अणकुचीदार नखांनी स्तनांवर ओरखडे उठतात, त्यांतून जिवाणू आत शिरतात. स्तन गरम आणि कठीण होतो, दुधाचा रंग पालटतो, ती खाणे सोडते, वेदनेमुळे पिल्लांना दूर लोटते. पिल्ले उपाशी राहतात किंवा दूषित दूध पितात. यावर योग्य प्रतिजैविक हाच उपाय आहे, आणि ते दुधातून पिल्लांपर्यंत पोहोचत असल्याने डॉक्टरांनीच निवडावे. माणसांच्या ताप-वेदनेच्या गोळ्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात. त्या कदापि देऊ नयेत.

आईचे दूध बंद करावे लागले, तर पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरावी. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू पोसत नाही. पिल्लाला उताणे धरून पाजू नये, दूध फुप्फुसात जाते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी सावकाश ऊब द्यावी, मगच दूध. गारठलेल्या पोटात ते पचत नाही.

आपल्या दुकानांत वजनकाटा असतोच. आई चिडत नसेल, तर रोज एकदा पिल्ले तोलावीत. निरोगी पिल्लाचे वजन दहा दिवसांच्या आसपास जन्मवेळेच्या दुप्पट होते. वजन थांबले की पुटकुळ्यांची वाट न पाहता आईचे स्तन तपासून घ्यावेत. व्यालेली कुत्री चावू शकते. चावलीच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

आमच्या गोदामात गोणपाट गेले आणि त्या जागी जुन्या सुती साड्यांच्या घड्या आल्या. त्या रोज बदलल्या जात. आईला औषध सुरू झाले, पिल्लांची नखे कापली. उरलेली तिन्ही पिल्ले वाचली. दूध सुटल्यावर आईची नसबंदीही करून घेतली. दुधाची वाटी आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवीत होतो. अंथरूण बदलणे आणि आईला निरखून पाहणे तेवढे राहिले होते. ज्या दोन पिल्लांना ते उशिरा लाभले, त्यांच्यासाठी हा लेख.