घासाचे बी : पिवळे ते घ्यावे, पण उगवून बघावे

दिवाळीच्या आसपास लसूणघास पेरण्याचे दिवस येतात. दोन-चार शेळ्या, एखादी गाय आणि त्यावर मीठ-मिरचीचा खर्च, अशी आपली पुष्कळ कुटुंबे गावाकडे आहेत. पाण्याकाठच्या गुंठा-दोन गुंठ्यांत घास एकदा साधला की ३ वर्षे कापणी चालते. बी फसले तर मात्र पैशांबरोबर हा सगळा चारा जातो.

दुकानात मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. ताजे, नीट पिकलेले बी पिवळे किंवा पिवळसर हिरवे, भरलेले आणि जरा तकतकीत असते. जुने होत जाते तसे त्याचे टरफल तांबूस, मग तपकिरी होते. ओलीत, उकाड्यात ठेवलेले बी लवकर काळवंडते. काढणीच्या वेळी पावसात सापडले तरी तांबडे पडते. हिरवे पण सुरकुतलेले बी कच्चेच काढलेले समजावे. मुठीत चार दाणे तांबूस निघाले तर बिघडत नाही. निम्मे तसे असतील तर सरळ परत करावे, ओळखीच्या दुकानदाराची भीड धरू नये.

त्याच कागदावर आणखी एक शत्रू शोधा. घासाचा दाणा गुळगुळीत, मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो. मळकट, खरखरीत, गोलसर बारीक दाणे दिसले तर ते अमरवेलीचे असण्याचा संभव आहे. ही पिवळी दोरीसारखी वेल घासाला विळखा घालून रस शोषते. एकदा वाफ्यात शिरली की घासासकट कापून जाळावी लागते.

रंग चांगला म्हणून बी उगवेलच असे नाही. काही पिवळ्या दाण्यांचे टरफल इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. तेव्हा १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडके सुकू देऊ नका आणि १० दिवसांनी मोड मोजा. न फुगलेले कडक दाणे वेगळे मोजावेत, ते मेलेले नसतात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते, आणि उगवण निदान ८० टक्के हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा वाण आपल्याकडे चांगला चालतो. सुटे बी घेतले तरी पावती मागावी, आणि घास उगवेपर्यंत ती फाडू नये.