होकार पोपटाचा हवा
पाळीव पुराण : पनवेलकर

खांद्यावर पिवळाधमक सन कॉन्युअर घेऊन वडाळे तलावाला फेरी मारणारी तरुण मंडळी हल्ली अधूनमधून दिसतात. पोरं गोळा होतात, मोबाइल निघतात आणि मालक मोठ्या ऐटीत सांगतो, “उडत नाही हो, पंख कापलेत त्याचे.”

पंख कापलेला पोपट उडत नाही, हे वाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. छाटलेली पिसं गळतात, त्यांच्या जागी नवी येतात. एवढीशी दोन-चार पिसं वाढली की शंभर-सव्वाशे ग्रॅमचा तो जीव खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यावर चौथ्या मजल्याच्या सज्जावर जाऊन बसतो. तिथून खाली कसं उतरायचं, हे घरात वाढलेल्या पक्ष्याला ठाऊक नसतं. तो तिथेच बसून ओरडत राहतो. वर घारी, आजूबाजूला कावळे, खाली कुत्री. पोपट बाहेर न्यायचाच असेल तर हार्नेस हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तो घालण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल.

त्याआधी एक नावडता प्रश्न. तुमचा पोपट कुठला? हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला राघू असेल, किंवा खांद्यावर लाल पट्टा असलेला ‘पहाडी’ असेल, तर त्याला हार्नेस घालून तलावावर नेणं म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची वरात काढणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पाळायला मनाई आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. आजोबांच्या वेळेपासून घरात मिठू आहे, ही सबब कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. असा पक्षी घरात असेल तर वनखात्याशी बोला. पापक्षालन म्हणून कर्नाळ्याला जाऊन पिंजऱ्याचं दार मात्र उघडू नका. अभयारण्य जवळ असलं तरी वर्षानुवर्षं वाटीतला पेरू आणि मिरची खाल्लेल्या पक्ष्याला रानात पोट भरता येत नाही. (हाच राघू लंडनच्या बागांत थव्याने मोकाट हिंडतो. इथे, स्वतःच्या मुलखात, त्याच्या नशिबी पिंजरा.)

परदेशी पोपटांचीही आता नोंद लागते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार कॉन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांची माहिती केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर द्यावी लागते. बजी, कॉकटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड यांना ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतूनच वगळलेलं आहे, त्यामुळे त्यांना ही नोंद लागत नाही. दुकानदार “कागद नंतर देतो” म्हणाला, तर पक्षीही नंतरच घ्यावा.

आता हार्नेस. मऊ पट्ट्याचे दोन फास असतात. एक गळ्यातून छातीवर येतो, दुसरा पंखांच्या मागून पोटाभोवती बसतो. त्याला जोडलेली दोरी थोडी लवचीक असावी, म्हणजे पक्षी झेपावला तर त्याला हिसका बसत नाही. दोरी आखूडच बरी. लांब दोरीवर पक्षी वेग घेतो आणि टोकाशी त्याच वेगाने थांबतो. ती पायाला तर कधीच बांधू नये. जुन्या घरांत पोपटाच्या पायात कडी-साखळी असायची. पण घाबरून उडालेल्या पक्ष्याचा सगळा भार एका बारीक हाडावर येतो आणि ते मोडतं.

हे सगळं पाकिटावरही लिहिलेलं असतं. पाकिटावर नसतं ते हे, की पोपट हा मुळात दुसऱ्याच्या पोटात जाणारा प्राणी आहे. मानेवरून काही आलं आणि पंख आवळले गेले, म्हणजे आपल्याला कुणीतरी धरलं, एवढंच त्याला कळतं. टॉवेलात गुंडाळून, पंख ओढून पट्टा चढवला की तो चढतो खरा. पण त्या दिवसापासून पोपट पट्ट्याला भितो, पट्टा आणणाऱ्या हाताला भितो आणि पुढे हात दिसला की चावतो. मग आपण म्हणतो, वयात आलाय, बिघडलाय.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे. सूर्यफुलाच्या बिया रोजच्या वाटीतून काढून घ्यायच्या. उपाशी ठेवायचं नाही. बाकीचं खाणं पोटभर द्यायचं, फक्त बी ही मजुरी म्हणून राखून ठेवायची. हार्नेस पिंजऱ्यापासून लांब, टेबलावर नुसता पडू द्यायचा. त्याच्याकडे पाहिलं, बी. जवळ आला, बी. मग गळ्याचा फास मोठा करून हातात धरायचा आणि बी पलीकडे ठेवायची. डोकं आत घालायचं ते पोपटाने. आपला हात हलता कामा नये. डोकं घातलं, बी घेतली, बाहेर काढलं, की त्या दिवसाचं काम संपलं. पंखाखाली बोट लावून घेण्याची सवय वेगळी, तिला आणखी वेळ लागतो. पट्टा आवळणं सगळ्यात शेवटी, तेही घरात, दोन-चार मिनिटं. ढिला राहिला तर त्यात पाय किंवा चोच अडकते, म्हणून तो ढिलाही नको आणि काचणाराही नको.

पोपटाची संमती कशी ओळखायची? पिसं अंगाला चिकटवून तो बारीक आणि उंच झाला, की तो घाबरलाय. अंग झाडून पिसं फुलवली, चोचीने साफसूफ सुरू केली, की निवांत आहे. आणि आवडती बीसुद्धा घेतली नाही तर दोन पावलं मागे जायचं, कालच्या पायरीवर. काही पक्षी आठवड्यात तयार होतात, काहींना महिने लागतात. काही कधीच तयार होत नाहीत, विशेषतः मोठ्या वयात घरी आलेले. त्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: हार्नेस कपाटात ठेवावा. भक्कम कडीचा प्रवासी पिंजरा गच्चीत न्यावा, अर्ध्या भागावर सावली धरावी आणि आपण शेजारी बसावं. बाहेर जायचं ते उन्हासाठी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारा भाग उरत नाही, आणि आफ्रिकन ग्रेसारख्या पोपटात कॅल्शियम कमी पडून झटके येतात. ते ऊन पिंजऱ्यातही मिळतं. मिळत नाहीत ते फक्त आपले फोटो.

पोपट मोकळा सोडायचा आणि हाक मारली की परत येतो, हा नवा शौक व्हिडिओत देखणा दिसतो. जानेवारीतला मांजा, बाराही महिने घिरट्या घालणाऱ्या घारी आणि आता डोक्यावर विमानंसुद्धा, असं आपलं आकाश आहे. तालुक्यातला विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. एका अनोळखी आवाजाने दचकलेला पोपट भलत्याच दिशेला जातो, आणि दोन इमारती ओलांडल्यावर आपली हाक त्याला ऐकूही येत नाही.

आपल्याकडच्या पावसाचा इथे एक फायदा आहे. जून ते सप्टेंबर पक्ष्याला बाहेर नेता येतच नाही, म्हणजे घरातली सगळी तालीम याच चार महिन्यांत उरकते. ऑक्टोबर हीटमध्ये घाई नको. पक्ष्याला घाम येत नाही, चोच उघडी टाकून तो धापा टाकू लागला की उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर सकाळी सात-आठच्या सुमारास, आधी घराच्या दारात, मग जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात, दोरी बोटात न धरता मनगटाला बांधून न्यावं. तलावावर रविवारी संध्याकाळी जत्रा असते, त्यामुळे पहिल्या फेरीला मंगळवार-बुधवारची सकाळ बरी.