झडतीला उत्तर झडतीनं

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. एवढं एकच वाक्य हिंगणघाटच्या बाजार समितीपुढं किंवा आर्वीच्या बसस्थानकावर गंभीर चेहऱ्यानं म्हणून बघा. पुढचं काही बोलावंच लागत नाही, आसपासची माणसं आधीच हसायला लागलेली असतात. सरकार कोणतंही असो, पालकमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, पन्नास वर्षांत हा विनोद शिळा झालेला नाही. तो ताजा ठेवण्याचं काम पुरवठा करणारे आणि पिणारे मिळून इमानेइतबारे करत आले आहेत. तेव्हा राजकीय विनोद म्हणजे काय, हे वर्धेकराला समजावून सांगण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. राजकीय विनोदावर रागवायचं कसं, हा मात्र यंदा, २०२५ मध्ये, बोलण्यासारखा विषय झाला आहे.

२३ मार्चला कुणाल कामरा या विनोदकारानं ‘नया भारत’ हा आपला कार्यक्रम यूट्यूबवर टाकला. त्यातल्या एका विडंबनगीतात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांची, नाव न घेता, टोपी उडवलेली होती. त्याच रात्री शिवसैनिक मुंबईतल्या खारच्या ‘हॅबिटॅट’ या छोट्या सभागृहात घुसले आणि हाती लागेल ते फोडून आले. दुसऱ्या दिवशी महापालिकेला त्या जागेतलं अनधिकृत बांधकाम आठवलं आणि हातोडे पोचले. गुन्हा नोंदवला गेला, विधिमंडळात हक्कभंगाची भाषा झाली, आणि अटक टाळण्यासाठी या गृहस्थांना आधी मद्रास आणि मग मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

सप्टेंबरात अमेरिकेची पाळी आली. तिथं रात्री उशिरा, लोक झोपायच्या बेतात असताना, एक माणूस टेबलामागं बसून दिवसभरच्या राजकारणाची खिल्ली उडवतो, ही जुनी रीत. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं हे केलं. राष्ट्राध्यक्ष बदलत गेले, थट्टा चालू राहिली. यंदा जिमी किमेल यांच्या एका टिप्पणीवरून तिथल्या दळणवळण आयोगाच्या अध्यक्षांनी वाहिनीला जाहीर दम भरला आणि १७ सप्टेंबरला एबीसीनं कार्यक्रम थांबवला. लोकांनी गिल्ला केला तेव्हा २३ तारखेला तो पुन्हा सुरू झाला. त्याआधी जुलैत सीबीएसनं स्टीफन कोलबेअर यांचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करणार असं सांगितलं होतं. कारण पैशाचं, असं वाहिनी म्हणाली. असेलही.

खार काय आणि अमेरिका काय, दोन्हीकडं सत्तेच्या बाजूनं एकच सूर निघाला: थट्टा करा, पण मर्यादेत. या म्हणण्यात वावगं काही नाही. मर्यादा हवीच. ती कोण आखणार आणि ओलांडली तर पुढं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यात दर श्रावणी अमावस्येला चारचौघांत दिलं जातं.

यंदा पोळा २२ ऑगस्टला होता. त्याच आठवड्यात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, तेव्हा झडत्या करणाऱ्यांना विषय शोधत फिरावं लागलं नाही. ज्यांनी गाव सोडून वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवस कलला की आखरावर बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात. शिंगांना बेगड, अंगावर झूल, मानाच्या जोडीच्या डोक्यावर मखर. समोर आंब्याच्या पानांचं तोरण. डफडी थांबतात आणि गर्दीतून एक जण हात वर करून झडती, म्हणजे यमक जुळवलेलं खोचक कवन, म्हणतो. आरंभ महादेव-पार्वतीला नमन करून, पण देवाला तिथंच सोडून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत स्वारी सावकाराच्या ओट्यावर पोचते, तिथून सोसायटीत, तलाठ्याच्या टेबलावर, आमदाराच्या गाडीत आणि थेट दिल्लीपर्यंत. शेवटच्या ओळीला सगळं आखर महादेवाच्या नावानं गरजतं. तो गजर म्हणजे गावानं उठवलेला शिक्काच.

गंमत अशी की ज्याच्यावर झडती आहे तो सोसायटीचा अध्यक्ष किंवा सरपंच दहा हातांवर उभा असतो. त्याला रागानं निघूनही जाता येत नाही, कारण त्याची जोडी रांगेत आहे आणि तोरण तुटल्याशिवाय जोडी हलवायची नाही. झडती म्हणणाऱ्यालाही पळ काढता येत नाही. सकाळी त्याला याच माणसाच्या धुऱ्यावरून आपल्या वावरात जायचं असतं. म्हणून तो शब्द तोलून वापरतो. भित्रा असतो म्हणून नाही. उद्याचा दिवस त्याला ठाऊक असतो. आणि समोरच्यापाशी दोनच रस्ते असतात: लगोलग उलटी झडती म्हणायची, किंवा सगळ्यांबरोबर हसून घ्यायचं आणि पुढच्या पोळ्यापर्यंत यमकं जुळवत बसायचं. ज्यानं हात उचलला तो तिथंच हरला.

आम्ही पोळ्याची आरती ओवाळत नाही. तोरणाखाली बाया झडती म्हणताना दिसत नाहीत. हा अजून तरी पुरुषांचा खेळ आहे. मानाची जोडी कुणाची यावरून गावोगाव तंटे झालेले आहेत, आणि त्या मानाच्या मागं जात उभी असते. पण तंटे झाले ते मानावरून. झडतीवरून आखराची मोडतोड झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

आता रात्रीच्या जेवणानंतर आपण जे बघतो त्याकडं वळू. दूरदर्शनवर १९८९ मध्ये जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ आला. सरकारी कचेरीतला सुस्त कारभार त्यांनी सरकारी वाहिनीवरच दाखवला. नव्वदीच्या शेवटी सोनीवर शेखर सुमन ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये वाजपेयींची नक्कल करत. पंतप्रधानांची नक्कल रात्री टीव्हीवर होते, सकाळी लोक ती ऑफिसात एकमेकांना करून दाखवतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही, असे ते दिवस होते. २०१७ मध्ये श्याम रंगीला या राजस्थानी पोरानं एका मोठ्या वाहिनीवर विद्यमान पंतप्रधानांची नक्कल केली. ती प्रक्षेपित झाली नाही. लोकांनी ती मोबाइलवर बघितली.

मराठीत ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झालं आणि घराघरांत पोचलं. आम्हा वैदर्भीयांना त्याचं एक ऋण मान्य केलंच पाहिजे. भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलायला लागले आणि आमच्या बोलीला पुण्या-मुंबईत कान मिळाला. त्याआधी ती नाटक-सिनेमात बहुधा गड्याच्या तोंडी असायची. अरविंद जगतापांनी लिहिलेली आणि सागर कारंडेंनी पोस्टमन होऊन वाचलेली पत्रंही व्यवस्थेला बोचणारी होती. पण २०२० च्या दिवाळी विशेष भागात नारायण राणे यांच्यासारखं एक पात्र आलं, समर्थक संतापले, आणि सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी राण्यांना भेटून दिलगिरी व्यक्त केली. साबळ्यांना आम्ही दोष देत नाही. पोट ज्याचं त्याला. तेवढ्यानं वाहिन्या काय शिकल्या ते मात्र सगळ्यांना दिसतं. नेता आता पाहुणा म्हणून सोफ्यावर येतो, त्याला आधीच ठाऊक असलेल्या विनोदावर तो दिलखुलास हसतो, आणि जाताना एक भेटवस्तू घेऊन जातो.

हे सभ्य आहे का? वरवर फार सभ्य आहे. पण त्याच तासाभरात एक पुरुष साडी नेसून बाईची टर उडवतो, जाड्या बाईच्या जाडीवर सहा टाळ्या वसूल होतात, सावळ्या पोरीच्या रंगावर दोन, आणि तोतऱ्या माणसाच्या बोलण्यावर तर वाद्यवृंदसुद्धा वाजतो. म्हणजे सभ्यता वरच्यांसाठी राखून ठेवली आहे आणि खालच्यांच्या वाट्याला उरलेला विनोद आला आहे. मर्यादेची चर्चा करायची तर ती इथून सुरू करायला हवी होती. ती कुणीही केली नाही, कारण जाड्या बाईपाशी कार्यकर्ते नसतात.

हाच गज घेऊन आम्ही कामरांचं गाणं मोजलं. शिंदे यांनी पक्ष फोडला की वाचवला, यावर झडती झालीच पाहिजे. ते राजकारण आहे, त्यांनी जाणून केलेलं आहे. त्यांची दाढी, त्यांचा चश्मा आणि कधीकाळी ठाण्यात चालवलेली रिक्षा यांचा त्यात संबंध नव्हता. रिक्षा चालवणं ही हसण्याची गोष्ट वाटणारा माणूस आमच्या मते थोडा कच्चा विनोदकार आहे. पण हे आम्ही लिहून सांगतो आहोत. शिंदे गटाकडंही लिहिणारे, गाणारे, शाहिरी जाणणारे लोक होते. त्यांनी कामरांवर फर्मास गाणं केलं असतं तर लोकांनी दोन्ही ऐकली असती.

त्यातही शिवसेना हा पक्ष एका व्यंगचित्रकारानं, बाळासाहेब ठाकरेंनी, काढलेला. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’चा पहिला अंक निघाला, त्याचं प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं, आणि पुढं त्याच ‘मार्मिक’नं काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांना सोडलं नाही. शरद पवारांच्या देहयष्टीवर बाळासाहेबांनी आयुष्यभर टीका केली (आमच्या गजानं तीही बसत नाही) आणि दोघांचं घरी येणं-जाणं टिकलं. १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना पुलंनी युती सरकारला चार शब्द सुनावले, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना ‘मोडका पूल’ म्हटलं. महाराष्ट्राला ते आवडलं नाही. तरी शब्दाला शब्द होता, कोटी तर पुलंच्याच नावावर केलेली होती.

आमच्या जिल्ह्यात याहून मोठ्या माणसाची थट्टा झालेली आहे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले. शेगावचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथं येणाऱ्या सरोजिनी नायडू गांधीजींच्या कानांवरून त्यांना मिकी माउस म्हणत. देश ज्याला महात्मा म्हणतो त्याला मिकी माउस म्हणायचं, आणि त्यानंही ते हसून घ्यायचं! विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता, अशा अर्थाचं गांधीजींनी लिहून ठेवलं होतं. आज आश्रम बघायला येणारे पुढारी बापू कुटीसमोर चेहरा फार लांब करून उभे राहतात; त्यांना ही हकिकत कुणी सांगत नसावं.

गाडगेबाबांची कीर्तनंही अशीच. वऱ्हाडीत प्रश्न विचारायचा, लोकांकडूनच उत्तर काढायचं, आणि ते उत्तर त्यांच्याच अंगावर उलटवायचं. लोक हसत हसत शरमायचे. ती वाट सप्तखंजेरीवर पुढं नेणारे सत्यपाल महाराज गावोगाव बुवाबाजी आणि हुंडा यांची पिसं काढतात. त्यांच्यावर २०१७ मध्ये चाकूहल्ला झाला. आमच्या खेड्यांत नाही, मुंबईत.

न्यायालयांनी या काळात बरीच बूज राखली. कामरा प्रकरण तापलेलं असतानाच, २८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठानं कविता, नाटक, उपरोध यांनी जगणं अर्थपूर्ण होतं असं एका कवितेवरच्या गुन्ह्याच्या निकालात म्हटलं. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये, कामरांच्याच याचिकेवर, सरकारनं स्वतःबद्दलच्या बातम्यांची खरी-खोटी स्वतःच ठरवावी हा नियम मुंबई उच्च न्यायालयात रद्द ठरला. निर्णायक मत आमच्या नागपुरात वकिली केलेल्या न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांचं. याचा आनंद आहेच. पण विनोद कोर्टात गेला की तो आधी समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाचं काय होतं हे वाचकांना सांगायला नको.

दिवाळी अंकाला हा विषय परका नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर वाचन आलं, आणि १९५१ पासून मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’नं फराळाबरोबर हसणंही आणलं. आम्हीही यंदा थोडा प्रयत्न केला आहे. देवळी, समुद्रपूर, सेलू, कारंजा भागातून वाचकांनी पाठवलेल्या या पोळ्याच्या झडत्या आत एकत्र छापल्या आहेत. सगळ्या पक्षांना पुरेल एवढा माल आहे. एका पुढाऱ्याच्या बायकोवरची आणि एका जातीवरची झडती आम्ही गाळली. पाठवणाऱ्यांना तसं कळवलं, त्यातल्या एकानं रागावून वर्गणी परत मागितली आहे, ती पाठवतो आहोत.

एका झडतीत मात्र आमच्याच एका जाहिरातदाराची, त्यांच्या बियाण्याच्या उगवणीवरून, चांगली खबर घेतलेली आहे. ती ठेवली. छापण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखवली. पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही, मग ते म्हणाले, ‘सायंकाळपर्यंत थांबा.’ सायंकाळी त्यांची उलटी झडती आली, शेतकऱ्यांच्या उधारीवर आणि संपादकाच्या जाहिरात मागण्याच्या पद्धतीवर. तीही शेजारीच छापली आहे. तिसऱ्या ओळीत यमक जुळत नाही, पण तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं.